प्रतिपक्षाचं म्हणणं

अकराव्या निबंधावर नाव नव्हतं. सीतारामरावांनी लाल पेनानं वरच्या कोपऱ्यात 'नाव?' असं लिहिलं, त्याखाली सवयीनं रेघ ओढली आणि ते वाचायला लागले. एकोणीस वर्षं घरी चालत आलेल्या रविवारच्या शिकवणीला यंदा मुलं येत होती दहा. दहा मुलांचे निबंध अकरा कसे, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. पण एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला गठ्ठा म्हणजे गठ्ठा. तो वरून खाली संपत जातो आणि संपला की कॉफी मिळते, एवढंच त्याचं गणित. शनिवारची दुपार होती. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि स्कूटर नकार देत होती. आतून ग्राइंडरची घरघर येत होती. अंबुजा उद्याचं इडलीचं पीठ वाटत होती.

विषय त्यांनीच दिला होता: घरातल्या एका माणसाला, त्याला नको असलेली एक गोष्ट पटवून द्या. तीन पानं. तिन्ही आवाहनं आली पाहिजेत. ही तीन आवाहनं म्हणजे सीतारामरावांची आयुष्यभराची शिदोरी. ईथॉस, लोगॉस, पॅथॉस. ग्रीक नावं ऐकून मुलं घाबरत, काही जण तीन भावांची नावं समजत, म्हणून त्यांनी घरगुती भाषांतर करून ठेवलं होतं. बोलणारा कोण, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, ते पहिलं. त्याच्यापाशी कारणं काय आहेत, ते दुसरं. आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला हात कुठं लागतो, ते तिसरं. याच्यावर चौथी गोष्ट, जिच्यावाचून पहिल्या तिन्ही फुकट: प्रतिपक्षाचं म्हणणं. समोरचा काय म्हणेल ते आपणच आधी, त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडायचं आणि मग खोडायचं. हे वाक्य ते वर्गात हात उंचावून म्हणत. गेल्या मे महिन्यात निवृत्तीच्या समारंभात तीन जणांनी भाषणात हेच वाक्य उद्धृत केलं आणि तिघांनीही मान हलवणारी तंजावुरी बाहुली भेट दिली. तिन्ही बाहुल्या कपाटात आहेत. प्रत्येक मुद्द्याला होकार देणाऱ्या श्रोत्यांची सीतारामरावांना सवय नव्हती.

आधीचे दहा निबंध नेहमीसारखे होते. विघ्नेशनं आईला मोटरसायकल पटवून दिली होती: तर्काला पेट्रोलचा हिशेब, भावनेला 'नाहीतर मी खचून जाईन', आणि विश्वासाला 'मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही' हे वाक्य, ज्याच्यानंतर त्याची आई पुढचं वाचणं शक्यच नव्हतं. दिव्यश्रीनं वडिलांना केस कापण्याबद्दल लिहिलं होतं, ते बरं होतं. म्हणून अकरावा निबंध हाती आला तेव्हा त्यांना वाटलं, हाही दिव्यश्रीचाच असणार, हौसेनं दुसरा लिहिला असेल. अक्षर वेगळं होतं, गोल, जरा उजवीकडे कललेलं, प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर थोडं थांबल्यासारखं. विषय: एका एकोणपन्नास वर्षांच्या बाईनं नवऱ्याला पटवून द्यायचं आहे की तिला मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनची नोकरी करू द्यावी. सीतारामरावांच्या भुवया वर गेल्या. मुलीला कल्पनाशक्ती आहे. निबंध इंग्रजीत होता. तो आपल्या भाषेत आणला तर सुरुवात अशी होती: 'लिहिणारीनं एकोणतीस वर्षं एकाच माणसाचा स्वयंपाक केला आहे, तेव्हा साठ मुलींना लागणारी सहनशक्ती तिच्यापाशी असावी असं धरून चालायला हरकत नाही.' समासात त्यांनी लिहिलं, 'छान. विश्वासार्हता प्रस्थापित. अतिशयोक्ती टाळा.' पुढे होतं की फोनवरच्या मुलाखतीत तिला विचारलं, तुम्हाला काय येतं, आणि ती म्हणाली, जिन्यावरच्या पावलांवरून कोण रडून आलंय ते मला कळतं. याला त्यांनी दोन बरोबरच्या खुणा केल्या. कल्पित प्रसंग, पण खरा वाटतो, असंही लिहिलं.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर असं वाक्य होतं: 'माझ्या नवऱ्याला वाटतं की रविवारी सकाळी त्याच्या शिकवणीच्या मध्ये ग्राइंडर थांबतो तो पीठ झालं म्हणून. एकोणीस वर्षं तो मी थांबवते. वाक्य महत्त्वाचं असलं की.'

आत ग्राइंडर चालू होता. सीतारामरावांनी पेन टेबलावर ठेवलं, तेव्हा तो थांबला.

एखाद्या खोलीत आपण एकटे आहोत असं समजून आपण गुणगुणत असावं आणि कोपऱ्यातून कुणीतरी पुढची ओळ म्हणावी, तसं काहीतरी त्यांच्या मानेवरून खाली उतरत गेलं. मग ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. अक्षर त्यांनी पुन्हा पाहिलं. अंबुजाचं इंग्रजी अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. या गल्लीतल्या मराठी घरांतली ही जुनीच रीत: मराठी बोलायची, पण लिहायची तमिळ अक्षरांत. देवनागरी देवांच्या तसबिरींखाली असते, तिला नमस्कार करतात, वाचत नाहीत. अंबुजाच्या चिठ्ठ्या फ्रीजवर असत, 'पिटलं खालच्या भांड्यांत, ताक पीऊन बाहेर जाणें', सगळं ठसठशीत तमिळ लिपीत; ते अक्षर त्यांनी हजारांत ओळखलं असतं. पण तिनं इंग्रजीत एक ओळ लिहावी असं कारण एकोणतीस वर्षांत त्या घरात घडलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती कुंभकोणमच्या वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, हे त्यांना माहीत होतं. माहीत म्हणजे, लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं होतं, सोन्याच्या वजनाच्या जरा आधी. तिसरं वर्ष राहून गेलं. का राहून गेलं ते त्यांनी विचारल्याचं त्यांना आठवेना. त्या वर्षी त्यांचा स्वतःचा पहिला शोधनिबंध छापून आला होता आणि ते फार कामात होते.

तर प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ओरत्तनाडूजवळच्या मुलींच्या एका खासगी शाळेचं पत्र आलं होतं, वसतिगृहात वॉर्डन म्हणून या असं. अंबुजाची मैत्रीण भुवनेश्वरी तिथं शिकवते, तिनं हिला न सांगता हिचं नाव दिलं, असं अंबुजाचं म्हणणं. हिनंच तिला सांगितलं असणार, असं सीतारामरावांचं. ओरत्तनाडू काही लांब नाही, बसनं तास. पण वॉर्डनला रात्री तिथंच राहावं लागतं. आठवड्यातले पाच दिवस तिथं, दोन दिवस इथं. सोमवारी रुजू व्हायचं. सीतारामरावांनी त्या रात्री उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीबरोबर भात कालवता कालवता अकरा मुद्दे मांडले होते: बसचे हाल, तिचा गुडघा, पाणी, साठ मुली म्हणजे साठ आयांचे फोन, मुलगी विनुता होसूरहून येईल तेव्हा घर बंद असेल, वगैरे. प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे निर्दोष होता. अंबुजानं सगळे ऐकले, ताटं उचलली आणि म्हणाली की ठीक आहे, तिला भांडायचं नाही. मात्र ती अशी जाणार नाही. तुम्ही तोंडानं 'जा' म्हणालांत तर जाईन.

ही अट ऐकून सीतारामरावांना आतून हायसं वाटलं होतं, कारण त्यांच्या घरांत कुणी कुणाला नुसतं 'जा' म्हणत नाही. कुणी कुंभकोणमला निघो की पापनाशमला, 'जाऊन ये' म्हणायचं. निघणारानंही 'येतो' म्हणायचं. उघडं 'जा' कावळ्याला म्हणतात आणि दारावर येणाऱ्या विक्रेत्याला. त्यांच्या आजीनं एकदा काकाला रागात 'जा' म्हटलं आणि तो मलायाला गेला तो गेलाच, ही गोष्ट त्या घरात अजून खालच्या आवाजात सांगतात. म्हणजे अंबुजानं स्वतःच दार लावून घेतलं होतं, आणि त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. ते तीन आठवडे गप्प बसले, इतके की त्यांच्यापुरता विषय मिटला आणि निबंधाच्या पहिल्या पानावर तो त्यांना ओळखूही आला नाही. बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाला गप्प बसणं किती सोपं असतं याचं त्यांना नवल वाटलं.

खरं तर निवृत्तीनंतरचं सगळं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ठरवून म्हणजे काय, एक चित्र होतं. सकाळची दुसरी कॉफी, जी तीस वर्षं स्टाफरूममध्ये पेल्यातून प्यावी लागली, ती आता घरात, सावकाश. समोर अंबुजा, भाजी निवडत. ते पेपरातलं एखादं वाक्य वाचून दाखवतील, त्यातली तर्काची चूक सांगतील, ती 'हो कां' म्हणेल. चित्रात ती बसलेली होती आणि ते बोलत होते. आता कागद हातात धरून बसल्यावर त्यांना प्रथमच वाटलं की या चित्रात भाजी निवडणारी बाई कशाचा तरी विचार करत असावी.

पुढचं पान वाचायच्या आधी त्यांनी जे केलं, ते नंतर त्यांना सांगायला आवडलं नसतं. त्यांनी पेन उचललं आणि दुसरं पान तपासून संपवलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. 'घरात एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं असं ठरलेलं असतं. साठ मुलींच्या घरात मला दोन्ही करता येईल' या वाक्याखाली नागमोडी रेघ ओढून 'पुरावा?' असं लिहिलं. आणि पानाच्या तळाशी, जरा जोर देऊन, कागदाच्या पाठीवर उमटेल इतका, त्यांनी लिहिलं: 'प्रतिपक्षाचं म्हणणं कुठं आहे?' दुखावलेला माणूस कुणी शिव्या देतो, कुणी दार आपटतो. सीतारामरावांनी गुण कापले. लिहिताना त्यांना बरंसुद्धा वाटलं. हीच हिची चूक, हीच सगळ्या मुलांची चूक: आपलं घोडं दामटायचं, समोरच्याचं ऐकायचं नाही. मग त्यांनी पान उलटलं.

तिसऱ्या पानावर मथळा होता, अधोरेखित, त्यांनी शिकवलं होतं तसाच: प्रतिपक्षाचं म्हणणं.

'माझ्या नवऱ्यानं अकरा कारणं सांगितली आहेत. ती सगळी खरी आहेत आणि त्यांतलं एकही कारण नाही. त्यांचं म्हणणं त्यांना मांडता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी मांडते. संध्याकाळी वीज गेली की ते मला हाक मारतात. मेणबत्ती त्यांच्या हाताशी असते. त्यांना काही नको असतं. मी हो म्हटलं की ते गप्प बसतात. पहिल्या वर्षी मी विचारत असे, काय पाहिजे. आता विचारत नाही, फक्त ओ देते. आठवड्यातले पाच दिवस ओ कोण देणार, हे त्यांचं म्हणणं आहे. हे फार बळकट म्हणणं आहे. मी बारा दिवस विचार केला, मला ते खोडता आलं नाही.'

खाली चार रेघा कोऱ्या होत्या. निबंध संपला होता; म्हणजे संपला नव्हता, थांबला होता.

सीतारामरावांना वाटलं होतं की ती हाक म्हणजे कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे. त्यांना स्वतःलाच ती धड माहीत नव्हती. लहानपणी अंधारात ते वडिलांना हाक मारत, आणि वडील, अनिरुद्धराव, कचेरीचा कडक माणूस, ओ देत नसत. मुलानं धीट व्हावं म्हणून. ते धीट झाले. सभांमध्ये, परिसंवादांत, प्राचार्यांसमोर त्यांच्याइतकं ठाम कुणी बोलत नसे. आणि इथं एका बाईनं, जिचं बी.ए. पुरं झालं नव्हतं, त्यांची बाजू त्यांच्याहून चांगल्या शब्दांत मांडून, मग पेन खाली ठेवलं होतं. खोडलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे केलं नव्हतं. सगळे खोडतात. वाईट खोडतात, पण खोडतात. खोडता येत नाही असं लिहून पेपर देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि अशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता त्यांच्यापाशी नव्हता.

ते उठले. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये एक हातभर खिडकी आहे, ताटं इकडून तिकडे द्यायला कुणीतरी पाडलेली. त्या खिडकीपाशी एक उंच स्टूल होतं. ते तिथं कायमच होतं. ते कशासाठी आहे हे त्यांनी आज पाहिलं. अंबुजा ग्राइंडरमधून पीठ काढत होती, कोपरापर्यंत पांढरी. ते दारात कागद घेऊन उभे राहिले.

"किती दिलांत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"शेवट नाही त्याला."

"मज ठाऊक आहे की."

शेवटाचे चार गुण असतात, असं ते म्हणाले. ती म्हणाली, जाऊं देत. शेवटात वाचणारास काय करायचं ते सांगायचं असतं, हे तिनं ऐकलं होतं, तीनदा तरी, वेगवेगळ्या वर्षी. एकदा तर त्यापायी सांबार करपलं होतं. "पण तुम्हांस काय करायचं तें मी कसं सांगूं? कधी सांगितलंच नाही. जमेना."

आपण आता काहीतरी मोठं बोलणार, असं सीतारामरावांना वाटत होतं, आणि तोंडातून निघालं ते असं की दुसऱ्या मुद्द्याला पुरावा नाही. घरात एकच बोलतो आणि एकच ऐकतो हे विधान तिनं नुसतंच केलंय.

"पुरावा उभा आहे की दारांत," अंबुजा म्हणाली. "वेष्टी नेसून."

ते हसले. हसू यायला नको होतं, पण ते आलं. त्यांनी कागद फ्रीजवर ठेवला. वरचं 'नाव?' त्यांना दिसलं आणि ते शरमले. तिचा हात पिठाच्या भांड्यात होता, मनगटावर एक सुकलेला थेंब. हा हात त्यांनी पाहिला होता असं त्यांना वाटत होतं. वाढताना, ताटाच्या कडेला, बोटांपर्यंत. कोपरापर्यंत कधी पाहिला नव्हता. त्यांना अकरा मुद्दे आठवले, तेराही आठवले असते. तीन आवाहनांतलं एकही हाताशी नव्हतं. विश्वास कुणी ठेवावा, तर्क कशाचा, आणि काळजाचं म्हणाल तर त्याला हात आधीच लागला होता, पिठाचा.

"जाऊन ये," ते म्हणाले.

अंबुजा थांबली. "मी हें मागितलं नव्हतं. 'जा' मागितलं होतं."

"नुसतं जा म्हणत नाहीत आपल्यांत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ भांड्याची कड बोटानं निपटत राहिली, ती आधीच स्वच्छ होती तरी. मग म्हणाली, सोमवारची बस पावणेसातची आहे, आणि उद्या शिकवणीला दहाच निबंध परत करायचे, अकरावा वर्गात वाचून दाखवायचा नाही. ते म्हणाले, दाखवणार नाही. तिसरं पान वाचून दाखवावं असं त्यांना फार वाटत होतं.

रविवारी शिकवणी झाली. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं आणि मग खोडायचं, हे वाक्य म्हणायला त्यांनी हात उंचावला, पण आत ग्राइंडर थांबला होता, आणि ते अर्ध्यावर थांबून खिडकीकडे पाहत राहिले. दिव्यश्रीनं विचारलं, सार, मग खोडायचं ना? ते म्हणाले, जमलं तर. मुलांनी तेही उतरवून घेतलं.

सोमवारी ते तिच्याबरोबर बसमध्ये चढले. तसं ठरलं नव्हतं. ट्रंक चढवायला म्हणून ते वर गेले, ट्रंक ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली, अंबुजानं खिडकीकडे सरकून जागा केली. बाहेर भाताची खाचरं होती, पाणी होतं, पाण्यात उभे बगळे होते. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि ते तिच्याकडे. एकदा ती म्हणाली की शनिवारच्या पिठाच्या इडल्या मंगळवारपर्यंत होतील, मग दोशे घालायचे. एवढंच.

वसतिगृहाच्या फाटकावर व्यंकटरमण नावाचे वॉचमन होते, खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा. पुरुषांना आत सोडत नाहीत, ते तमिळमध्ये अदबीनं म्हणाले. सीतारामरावांनी सांगितलं की ते निवृत्त सहयोगी प्राध्यापक आहेत. सांगितलं की ट्रंक जड आहे आणि बाईंचा गुडघा दुखतो. मग आवाज उतरवून सांगितलं की एकोणतीस वर्षांत ही पहिलीच वेळ आहे. व्यंकटरमणनी तिन्ही शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, माझी स्वतःची मुलगी आत राहते, सार, तिची खोली मी अजून पाहिली नाही. तोवर आतून दोन मुली धावत आल्या, वेण्या ओल्या, ट्रंकेची एकेक कडी धरली आणि विचारलं, वॉर्डन मॅडम तुम्हीच का. अंबुजा म्हणाली, हो. हे 'हो' त्यांनी यापूर्वी ऐकलं नव्हतं. ती चालू लागली, गुडघ्यामुळे जरा डावीकडे झुकत, आणि मुलींना काहीतरी विचारत. त्यांतली एक थांबून, ट्रंक तशीच अर्धवट उचललेली ठेवून, लांबलचक काहीतरी सांगायला लागली. अंबुजा ऐकत उभी राहिली.

व्यंकटरमणनी एक जाड वही पुढे केली. फाटकापर्यंत येणाऱ्या प्रत्येकानं लिहायचं असतं. रकाने होते: येणाऱ्याचं नाव, कुणासाठी, नातं, कारण. सीतारामरावांनी नाव लिहिलं. कुणासाठी, तिथं लिहिलं: अंबुजा. नातं: पती. शेवटचा रकाना बोटभर रुंद होता. वरच्या लोकांनी लिहिलं होतं, फी, डबा, ताप, गणवेश. ते पेन धरून उभे राहिले. मागं एक गाडी येऊन थांबली, कुणीतरी वडील मुलीला सोडायला आले होते, ते घाईत होते. सीतारामरावांनी लिहिलं.

व्यंकटरमणनी वही फिरवून वाचली. सार, हे नाव आधीच्या रकान्यात आलंय, ते म्हणाले. इथं कारण लिहायचं.

"तेच लिहिलंय," सीतारामराव म्हणाले.

एकच गोष्ट दोनदा लिहिली म्हणून एकतीस वर्षं त्यांनी मुलांचा अर्धा अर्धा गुण कापला होता. त्यांनी पेन मागच्या माणसाच्या हाती दिलं.